मिशी ठेवून ये

दूधविनायक, काशी
८ जानेवारी १९९५

प्रसन्न,

वरती आशीर्वाद लिहायची रीत आहे. थोरल्या भावाचा आशीर्वाद पाहून तू पाकीट न वाचताच ठेवून देशील, म्हणून नुसतं नाव लिहून थांबलो. मंगळवारी मैदागिनच्या बूथवरून तुला भोपाळला फोन लावला होता. माझा आवाज ऐकलास आणि "राँग नंबर" म्हणून ठेवलास. सहा वर्षांत तुझे तेवढेच दोन शब्द ऐकले. सर्दी झाल्यासारखी वाटली. आल्याचा काढा घे.

अण्णांनी जेवण सोडलं आहे. आजार काही नाही. नाडी मी स्वतः पाहतो, डॉक्टरही येऊन पाहून गेले. थोडं दूध आणि पाणी घेतात, बाकी ताट पुढे केलं की हाताने सरकवतात. तू एकदा येऊन जा.

का सोडलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आलास की सांगेन.

बाकी इथलं सगळं ठीक. माझं चष्म्यांचं दुकान चालू आहे. ऋता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते. मोहन न्हाव्याचा हात थरथरायला लागल्यामुळे त्याने घरोघर जाणं बंद केलं. दुसरे बोलावले तर ते आता ब्लेडची अर्धी पत्ती अडकवलेला उस्तरा आणतात. अण्णा म्हणाले, "हे पत्र्याचं खेळणं माझ्या गालाला लावायचं नाही. वस्तरा म्हणजे वस्तरा." म्हणून मीच एक आणला. विश्वेश्वरगंजात फुटपाथवर कुलपं-कात्र्यांच्या ढिगात पडला होता. अगदी हलक्यातला. दांडीची खीळ सैल, पातं किंचित पिळलेलं, पाठ एका अंगाला जाड तर दुसऱ्या अंगाला पातळ. विकणारा म्हणाला, "गुरू, इससे तो आलू भी नहीं छिलेगा." मी म्हटलं, बघू.

तुला या गोष्टींचा कंटाळा आहे हे ठाऊक आहे, तरी लिहितो. इतकं नीट काम माझ्या हातून पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

आधी धार लावायची दगडी सिल्ली सपाट केली. न्हाव्यांच्या सिल्लीला वर्षानुवर्षं मधे खळगा पडलेला असतो, आणि खळग्यात सरळ धार लागत नाही. जाड काचेवर एमरी कागद पसरून सिल्ली त्यावर घासली. पेन्सिलीने मारलेल्या सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तेव्हा थांबलो. मग पातं त्यावर आडवं ठेवलं. टाच टेकत होती, टोक टेकत होतं, आणि मधून उजेड दिसत होता. इथे लोक फसतात. मधला भाग टेकावा म्हणून दाब देतात, आणि दाबाने पातं वाकतं, धार नुसती लागल्यासारखी वाटते. मी धारेच्या कडेला काळी शाई लावली आणि दाब न देता दोनदा फिरवलं. शाई कुठे गेली ते भिंगातून पाहिलं, राहिली होती तिथे पोचायला पातं किंचित तिरकं धरलं. पुन्हा शाई, पुन्हा भिंग. वळवताना नेहमी पाठीवर वळवायचं. धारेवर वळवलं की केलेलं सगळं गेलं. टोकाला एक काटा होता, तो गालात रुततो, म्हणून घासून गोल केला. जुनी खीळ काढून पितळी तार ठोकली. शेवटी चमोटा. चामड्यावर सगळं उलटं असतं, पाठ पुढे आणि धार मागे.

सुनीतीच्या कंगव्यातला एक केस मुळाकडून धरला आणि त्याचं टोक धारेला नुसतं टेकवलं. आवाजसुद्धा न होता तुटला. ती म्हणाली, "झालं? आता भाजी चिरून द्या."

तर ये. आणि येताना मिशी ठेवून ये. तिकडे ती काढायची फॅशन आहे असं ऋता म्हणते. काढली असलीस तर वाढवून ये, पण लवकर वाढव.

ढुंढिराज

१५ जानेवारी १९९५

प्रसन्न,

तुझं कार्ड मिळालं. "मिशीचा काय संबंध? अण्णांना काय झालंय ते सरळ लिही." अक्षर अजून तसंच, शिरोरेघ न दिलेलं. ठीक आहे, सरळ लिहितो.

वस्तऱ्याची खरी परीक्षा गालावर होत नाही, वरच्या ओठावर होते. नाकाखालच्या केसाइतका राठ केस अंगावर दुसरा नाही. अण्णांच्या म्हाताऱ्या, सैल कातडीवर तो चालवण्याआधी मला खात्री हवी होती. म्हणून संक्रांतीच्या बऱ्याच आधी एका सकाळी गच्चीवर आरसा लावून मिशीचा उजवा कोपरा किंचित घेतला. लोण्यातून जावा तसा गेला. मग डावा उजव्याशी जुळेना. डावा जुळवला तर तो दोराभर जास्त गेला. माझी जात तुला माहीत आहे. दोन बाजू सारख्या नसतील तर मला अन्न गोड लागत नाही. करता करता नाकाखाली टाचणीएवढी पट्टी उरली, ती ठेवून गल्लीतून चालणं शक्यच नव्हतं. तीही काढली.

नियम मला माहीत नव्हता असं समजू नकोस. आईच्या क्रियेचा अपवाद सोडून वडील जिवंत असताना मिशीला हात लावायचा नाही, हे आपल्या घरात पोराला मिशी फुटायच्या आधी सांगतात. पण मला वाटलं, केस आहेत, शिवरात्रीपर्यंत येतील. थंडी आहे, मफलर आहे.

सुनीतीने पाहिलं आणि हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. "अहो, हे काय केलंत! अण्णा बसलेत ना आत!"

"हळू बोल."

"हळू काय बोल! दोन बाजू सारख्या करायला निघालात आणि—" ती बांगड्या मागे सारून निघून गेली.

दोन दिवस मफलर नाकापर्यंत गुंडाळून वावरलो. तिसऱ्या दिवशी अण्णांची दाढी करायला बसलो. गरम पाण्याचा फडका, साबण, मग वस्तरा. त्यांचा चेहरा माझ्या हातात होता आणि मला तेव्हा फार बरं वाटत होतं. इतकी हलकी धार चालत होती की त्यांनी डोळे मिटून घेतले. हनुवटीखाली यायला मी वाकलो आणि मफलर सुटून खाली आला. त्यांनी डोळे उघडले. मोतीबिंदूमुळे त्यांना फारसं दिसत नाही, म्हणून हात वर केला आणि माझ्या ओठावरून बोटं फिरवली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मी राहिलेली दाढी पुरी केली.

एवढ्यावर निभावलं असतं. आठवण जाते-येते त्यांची, संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. पण मी दुकानात जाताना गल्लीत लोकांनी पाहिलं होतं. मफलर श्वासाने भिजतो रे, मधून मधून खाली करावाच लागतो. दुपारी प्रल्हादगुरू आले. तेच, बालाजी घाटावर कथा सांगतात ते. जिन्यातूनच त्यांचा तो कथेचा आवाज: "सुनीतीवहिनी, काय हो हे! शास्त्रीबुवा गेले आणि आम्हाला कळवलं नाही? ढुंढिराजाला रस्त्यात पाहिलं तेव्हा काळजात धस्स झालं. केव्हा झालं? शांतपणे गेले ना?"

अण्णा आतल्या खोलीत खुर्चीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं.

प्रल्हादगुरू आत आले, खुर्चीत अण्णा बसलेले पाहिले, आणि उलट्या पावली जिना उतरून गेले. त्या दिवसापासून या घराची पायरी चढले नाहीत.

मी दुकानातून आलो तेव्हा अण्णांनी मला जवळ बोलावलं. अगदी प्रेमाने विचारलं, "ढुंढी, मी केव्हा गेलो रे?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही इथे आहात. माझ्याशी बोलताय."

"हो, पहिल्यांदा असंच वाटतं म्हणतात," अण्णा म्हणाले. "दिवा कुठे लावलाय माझा? वातीचं तोंड दक्षिणेला कर. खाली पीठ पसरलंय ना?"

तेव्हापासून हे असं आहे. गेलेल्या माणसाला दहा दिवस दूध-पाणी ठेवतात, म्हणून तेवढं घेतात. घरचं अन्न चालत नाही म्हणतात, पिंड दे म्हणतात. सुनीती म्हणाली, पिंड म्हणा नाहीतर मुटका म्हणा, पोटात जाऊ दे. तिने भाताचा मुटका करून पुढे ठेवला. अण्णांनी तो हातात घेतला, हुंगला आणि विचारलं, "मंत्र कुठे आहेत?" मला मंत्र येतात. पण जिवंत बापासमोर बसून ते म्हणायचे? मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. सुनीती रागाने माझ्याकडे पाहत राहिली.

गालाची हाडं वर आली आहेत. आता दाढी करताना गालाच्या खळग्यात पातं बसत नाही, बोटाने कातडी ताणावी लागते.

म्हणून तू ये. तुझा ओठ त्यांना चाचपू दे. एका मुलाची मिशी जागेवर असेल तर त्यांना पटेल.

ढुंढिराज

२२ जानेवारी १९९५

प्रसन्न,

तू येतोस असं लिहिलंस, मिशी आहे असंही. वाचून सुनीती रडली. पण मधल्या काळात गाडं वेगळ्याच रुळावर गेलं आहे, ते तू निघण्याआधी तुला कळायला हवं.

मी अण्णांना सांगितलं, प्रसन्न येतोय, त्याची मिशी आहे, म्हणजे तुम्ही आहात. ते बराच वेळ हसले. म्हणाले, "धाकट्याच्या मिशीचं काय सांगतोस? त्याने आईच्या वेळीही ठेवलीच होती. ती नव्हती का गेली?"



तुला दुखवायला लिहीत नाही. पण त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. बापाचं थोरल्याने करायचं, आईचं धाकट्याने, हे तुलाही माहीत होतं. मणिकर्णिकेवर न्हावी वस्तरा घेऊन पुढे आला आणि तू मान हलवलीस. "ही आईला आवडायची, मी नाही काढणार," एवढंच म्हणालास. अण्णा सगळ्या लोकांदेखत म्हणाले, "मला एकच मुलगा आहे." मग कर्ता म्हणून मी बसलो. आईचं सगळं मी केलं, एक मंत्र गाळला नाही. तू स्टेशनवर गेलास.

आता अण्णा गच्चीवर बसून असतात. सुनीती त्यांचं न खाल्लेलं ताट कठड्यावर ठेवते, पाखरांना. कावळे बसतात, पण त्या भाताला तोंड लावत नाहीत. का कोण जाणे. काल एक माकड आलं आणि ताटासकट घेऊन पळालं. ऋता ओरडली, "दादाजी, बंदर ले गया!" अण्णा म्हणाले, "माकडाचं चालत नाही." मग मला म्हणाले, "कावळा शिवणार नाही. मीच शिवू देत नाहीये."

"का, अण्णा?"

"धाकटा राहिलाय. एकाने काढली, एकाने नाही. मी असा मधेच अडकलोय. तुझी आई जिन्यात उभी आहे, मला न्यायला आली आहे. ती म्हणते, धाकटा बसला की निघू."

मी जिन्याकडे पाहिलं. तिथे काही असणार नाही हे माहीत असूनही पाहिलं. आई नेहमी थांबायची त्या वळणावर, जिथे तिला दम लागायचा. ऋता आता जिना चढताना त्या वळणाला भिंतीला अंग घासून जाते. विचारलं तर म्हणते, "ऐसे ही."

परवा अण्णांनी आरसा मागितला. दाढीनंतर दाखवतो तसा दाखवला. आरशात डोळे लावून पाहत राहिले आणि म्हणाले, "बघ, दिसत नाही." मोतीबिंदू आहे, त्यांना खरंच दिसत नाही. पण आरसा धरलेला माझा हात मला खाली घ्यावा लागला.

डॉक्टर म्हणतात, या वयात नुसत्या दुधावर फार दिवस निघत नाहीत. अण्णांना इस्पितळात नेऊन नळी घाला म्हणतात. अण्णा म्हणतात, मेलेल्या माणसाला इस्पितळात कशाला नेता.

आता मी जे मागतो आहे ते काय आहे हे मला कळतं. आईसाठी जे तू केलं नाहीस, ते या माणसासाठी कर, ज्याने तुला मुलगा म्हणायचं सोडलं. तेही तो जिवंत असताना. माझ्या हाताने, माझ्या वस्तऱ्याने. त्यांना वाटेल आता सुटलो. सुटले की निदान जेवतील, किंवा खरंच सुटतील, मला ठाऊक नाही. दोन्हीपैकी काय होईल हे न कळता मी तुला बोलावतो आहे. सुनीती म्हणते, हे पाप आहे. मी तिला म्हटलं, मग दुसरं सांग. तिच्याजवळ दुसरं नव्हतं.

नको वाटलं तर येऊ नकोस. मी तुझ्यावर रागावणार नाही.

ढुंढिराज

५ फेब्रुवारी १९९५

प्रसन्न,

स्टेशनवर तू रिक्षातून उतरताना म्हणालास, "झालं समाधान? मिशी फुकट गेली." तुझी गाडी धुक्यामुळे कितीतरी उशिरा निघाली असेल, तरी मी थांबलो नाही. थांबून काय बोलणार होतो?

पण तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही, आणि ते फोनवर सांगता येणार नाही.

आधी माझ्याकडून एक. तुझ्या मिशीत पांढरं आलं आहे हे मला माहीत नव्हतं. तू गच्चीवर पाटावर बसलास, अण्णा समोर खुर्चीत घोंगडी पांघरून. मी आदल्या दिवशी तो वस्तरा पुन्हा शाई लावून, पुन्हा भिंगातून पाहून सिल्लीवर घेतला होता, आणि तरी तुझ्या ओठापाशी माझा हात थांबला. तू डोळे मिटून म्हणालास, "दादा, लाव. बोलू नकोस." तू मला दादा म्हणालास. मला वाटतं तुझ्या लक्षातही आलं नसेल. वस्तरा कसा चालला ते मला आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी धारेकडे पाहिलं नाही.

अण्णांनी तुझ्या ओठावर हात फिरवला. चेहऱ्यावर काही नाही. "थंडी वाजते, आत न्या," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तू संध्याकाळी निघालास.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात काठी वाजली. अण्णा स्वतः उठून आले होते. सुनीती पोळ्या लाटत होती. म्हणाले, "सुनीती, भूक लागली आहे. काय आहे?"

तिने लाटणं टाकलं आणि मला हाक मारली.

पाटावर बसले, पण हात ताटात घालेनात. मला म्हणाले, "माझी चूक झाली, ढुंढी. तुझा ओठ लागला आणि मला वाटलं, मी गेलो. थोरल्याने काढली म्हणजे बापच, नाही का? पण काल पाटावर कर्ता म्हणून धाकटा बसला होता." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "धाकटा बसतो तो आईसाठी. मी नाही गेलो. ती गेली."



"केव्हा गेली? मला उठवलं का नाही?"

सहा वर्षं झाली, हे मी सांगणार होतो. खरं सांगणं ही माझी सवय आहे, तुला माहीत आहे. पण सुनीती माझ्याआधी बोलली. "पहाटे, अण्णा. झोपेतच. त्रास झाला नाही."

अण्णा रडले. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. तुझ्यावर रागावण्यात त्यांचे ते सगळे दिवस गेले होते. आता खुर्ची सोडून जमिनीवर चटईवर बसतात, सुतक पाळतात. पहिला घास बाजूला काढून ठेवतात आणि मग जेवतात. पोळी, वरण, थोडा भात. दोन दिवसांत गालांवर रंग आला. डॉक्टरांना मी काहीच सांगितलं नाही, ते आपल्या औषधाचा गुण म्हणाले.

म्हणजे मी त्यांना जिवंत केलं आणि त्याच सकाळी विधुर केलं. धार कुठे कमी कुठे जास्त ते मला भिंगातून दिसतं. याचं मोजमाप मला करता येत नाही.

जिन्याकडे ते आता पाहत नाहीत. विचारलं, "आई आहे का तिथे?" तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडा. "अरे, तिला काल नेलं ना." आणि ऋता वळणावरून सरळ चढते. आता सुनीती तिथे थबकते. मी पाहिलं आहे. ती म्हणते, इतके दिवस कोणीतरी होतं असं वाटायचं, आता रिकामं वाटतं, आणि हे जास्त वाईट आहे.

आज अण्णांनी विचारलं, "दहाव्याला घाटावर कोण बसणार?"

मी म्हटलं, "मी आहे ना, अण्णा."

"तू कसा? तुझा अधिकार नाही."

सहा वर्षांपूर्वी मीच बसलो होतो रे. थंडीत, उघड्या अंगाने. ते सगळं त्यांच्या लेखी झालंच नाही. मला ते लागलं, लागलं नाही असं लिहिणार नाही. पण लागून पुन्हा उतरलंही. असू दे. मी म्हणालो, "नाही, चुकलो. प्रसन्न बसणार. बँकेतून रजा घ्यायला गेलाय, येतोच आहे."

हे मी तुला न विचारता बोललो आहे. जिन्यात मी उभा होतो, अण्णा आतून हळू आवाजात सुनीतीला सांगत होते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तेच जसंच्या तसं लिहितो, माझं काही घालत नाही.

"धाकटा घाबरला असेल, म्हणून गेला. मी रागावेन असं वाटलं असेल त्याला. तू कळव त्याला. म्हणावं, आई गेलेल्या पोरावर कोण रागावतं?"

दादा